आवाज न करणारे कपडे

मार्सली अर्कहार्टनं फक्त तीन शब्द विचारले होते. "काय घालून येऊ?"

बस, एवढंच. जगातल्या समस्त मुली हा प्रश्न रोज विचारतात आणि त्यांचं काहीही वाकडं होत नाही. पण त्या मुलींनी तो प्रश्न फार्करकाकांना विचारलेला नसतो.

फार्कर मॅकव्हिकर हे ग्लेनड्रोख इस्टेटीचे मुख्य शिकारी. डोंगरावरच्या प्रत्येक हरणाला ते घराण्यासकट ओळखतात अशी गावात समजूत होती. माणसांशी बोलायला त्यांना आवडत नाही ही मात्र समजूत नव्हती, तो सगळ्यांचा अनुभव होता. हिवाळ्यात कळप आटोक्यात राहावेत म्हणून हरिणींची शिकार करतात, तीही बर्फात पालथं सरपटत जवळ जाऊन. मारलेलं हरीण एवढ्या उंचावरून खाली आणायला तट्टू लागतं आणि तट्टूला न्यायला-आणायला माणूस लागतो. तो माणूस गेल्या मोसमात लग्न करून कॅनडाला निघून गेला होता. आणि मार्सलीला ती जागा हवी होती.

हवी म्हणजे अशीतशी नव्हे. शाळेच्या बसमधून ते करडं तट्टू दिसलं की ती खिडकीला नाक लावायची आणि काचेवर वाफेचा गोल उठायचा. मोठेपणी तू कोण होणार असं कुणी विचारलं की "अजून ठरलं नाही" म्हणायची, कारण ठरलेलं सांगितलं असतं तर आईनं जेवण सोडलं असतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायलासुद्धा घाबरणारी ही मुलगी या हिवाळ्यात एकटी चालत फार्करकाकांच्या फाटकापर्यंत गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला तट्टूचं काम द्या."

फार्करकाकांनी आधी तिच्या बुटांकडे बघितलं, मग आभाळाकडे. "महिनाअखेरच्या शनिवारी ये. माझ्याबरोबर वर चल. डोंगर झेपतोय का बघू."

इथे थांबायला हवं होतं! पण नव्यानं आलेल्या आत्मविश्वासाची हीच अडचण असते. सुरुवात कुठे करायची ते त्याला कळतं, थांबायचं कुठे ते कळत नाही.

"काय घालून येऊ?"

फार्करकाकांनी पुन्हा एकदा आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "गरम. आवाज नको, चमक नको." आणि फाटक लावून घेतलं.

बातमी घरी पोचली तेव्हा आई आणि बाबा दोघंही जेवणाच्या टेबलाशी होते. बाबा, म्हणजे रॅनल्ड अर्कहार्ट, कौन्सिलच्या बांधकाम-परवानगी खात्यात होते. लोकांनी मागच्या अंगणात खोपटं बांधावं की बांधू नये हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे "गरम, आवाज नको, चमक नको" ऐकल्यावर त्यांचे डोळेच चमकले. "तीन अटी! व्वा. माणसाला कळतं."

"मला पहिली अटच पुरे आहे," आई म्हणाली. "जानेवारीत डोंगरावर बर्फात पालथं पडायचं? मी ग्लासगोची आहे, मला थंडी कळते."

"आई, ग्लासगोत थंडी नसते. पाऊस असतो."

"ओली थंडी जास्त लागते. तू मध्ये बोलू नकोस."

मार्सलीचं म्हणणं एवढंच होतं, की डोंगर तिचा, हरीण फार्करकाकांचं, तेव्हा कपडेही तिला निवडू द्यावेत. पण तिचं म्हणणं कुणी विचारलंच नाही. पुढल्या शनिवारी आई इन्व्हरनेसला गेली आणि जॅकेट घेऊन आली. ते नारिंगी होतं. साधं नारिंगी नव्हे. बघितल्यावर डोळे मिटले तरी आत दिसत राहील असं नारिंगी.

"हे काय आहे?"

"बर्फात हरवलीस तर हेलिकॉप्टरमधून दिसशील."

"आई, मला हरणापासून लपायचंय!"

"हरणांना नारिंगी रंग नीट दिसत नाही," बाबा म्हणाले. त्यांनी वाचलं होतं. बाबांनी काही वाचलं की घरातल्यांना ते भोगावं लागतं. "प्रश्न रंगाचा नाही. अट क्रमांक दोन. आवाज."

आणि अशा रीतीनं अर्कहार्ट कुटुंबाच्या मागच्या हिरवळीवर चाचणी झाली. मार्सलीनं नारिंगी जॅकेट घालून गोठलेल्या गवतावरून सरपटत जायचं. पलीकडे हरणाच्या जागी शेजारच्या डॉइगकाकूंचा कुत्रा ड्यूक. ड्यूक म्हणजे एक लांबुडका, बुटका, पोट जमिनीला घासत चालणारा प्राणी. त्याचे कान हलले तर जॅकेट नापास. डॉइगकाकू पंच म्हणून कुंपणाला कोपरं टेकून उभ्या होत्या आणि हातात लोण्याची बिस्किटं होती. त्यामुळे ड्यूक पहिल्यापासूनच मार्सलीकडे न बघता त्यांच्याकडे बघत होता.

मार्सलीनं एक कोपर पुढे टाकलं. खर्रर्र. दुसरं टाकलं. खर्रर्रखस्स. कुणीतरी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी वेफर्सचं पाकीट फोडावं तसा तो आवाज होता. ड्यूकचे कानच काय, सगळा ड्यूक उठला आणि पाकीट कुठे आहे ते शोधत तिच्या अंगावर आला.

"नापास," डॉइगकाकू म्हणाल्या. "बाळ, नायलॉन म्हणजे थट्टा आहे गं. लोकर हवी, अंगाला लागून. आमचे हे शिकारीला जायचे तेव्हा आतून मीच विणलेलं घालायचे."

"मग त्यांना थंडी वाजायची नाही?"

"अगं, खाज इतकी सुटायची की थंडीकडे लक्षच जायचं नाही."

आठवडाभरात डॉइगकाकूंनी पायमोजा आणि चड्डी यांच्या मधला कुठलातरी प्रकार विणून दिला, काखेपासून घोट्यापर्यंत. लोकर त्यांच्या चुलतभावाच्या मेंढीची होती आणि ती मेंढी अजून त्यातून पुरती निघाली नव्हती. मार्सलीला त्या मेंढीचा हेवा वाटला, कारण तिची लोकर निदान तिच्या बाहेरच्या बाजूला होती. पण एक कबूल करायला हवं, ते विणकाम अजिबात वाजत नव्हतं. त्याचा नुसता वास यायचा.

जॅकेट परत करायला मायलेकी पुन्हा इन्व्हरनेसला गेल्या. गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, "परत का करताय?"

"वाजतं," मार्सली म्हणाली.

"थंडी?"

"जॅकेट!"

मुलीनं समोरच्या पडद्यावर बघितलं. "यात 'वाजतं' असं कारण नाहीये. 'लहान होतं', 'मोठं होतं' किंवा 'रंग आवडला नाही', यातलं एक सांगा."

"मग रंग आवडला नाही लिहा."

"मला आवडलाय," आई म्हणाली.

"आई!"

"खोटं कशाला सांगायचं? मीच निवडलाय तो."

जॅकेट परत घरी आलं. येताना गाडीत ते मार्सलीच्या मांडीवर खर्रर्र करत होतं. आणि प्रामाणिकपणा हा सद्गुण ज्यानं शोधून काढला त्यानं आपल्या आईबरोबर खरेदी केली नसावी, अशा ठाम मतापर्यंत मार्सली पोचली.

तोवर गावाला कळलं होतं. बसचा ड्रायव्हर म्हणाला, छातीवर वर्तमानपत्र घाल. शाळेतल्या भूगोलाच्या बाई म्हणाल्या, कांद्यासारखं एकावर एक घालत जावं. आई दातांची डॉक्टर; तिच्याकडे दात काढायला आलेल्या एका गृहस्थांनी तोंडात कापूस असतानाही पंधरा मिनिटं सल्ला दिला. आई तो सल्ला घरी घेऊन आली, पण त्यातलं फक्त "बदकाची चरबी" एवढंच तिला समजलं होतं. यातला एकही माणूस उभ्या जन्मात हरणामागे गेलेला नव्हता. पण कपड्यांबद्दल मत असायला डोंगर कशाला चढायला हवा? मार्सलीच्या अंगाची लाही लाही होत होती. आणि तीच काय ती खरी ऊब, असं तिनं बाबांना सुनावलंसुद्धा.

शेवटी ती कुणालाही न सांगता एकटीच निघाली. भटक्या मांजरांच्या मदतीसाठी चालवलेलं जुन्या कपड्यांचं एक दुकान होतं. तिथे मागच्या दांडीवर तिला तो दिसला. ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरीच्या कापडाचा कोट. शेवाळी रंग, त्यात गंजासारखी बारीक तांबूस रेघ. डाव्या बाहीवर जळकं भोक पडलेलं, त्यावर कातड्याचं ठिगळ. खिशात पाइपच्या तंबाखूचा आणि पेपरमिंटचा वास. कापड इतकं जाड की कोट एकटा उभा राहू शकला असता. तिनं तो घातला आणि दुकानातच, मांजरांच्या फोटोंखाली, जमिनीवर पालथी पडून चार हात सरपटली.

काही आवाज नाही! नावालासुद्धा नाही!

घरी पुन्हा चाचणी झाली. ड्यूक झोपला. बाबांनी घड्याळ बंद केलं आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "तिन्ही अटी पूर्ण. परवानगी मंजूर." आईनं कापड चिमटीत धरून बघितलं. कोट चांगला आहे असं ती म्हणाली नाही, पण धुवायला हवा असं म्हणाली, म्हणजे आवडला होता.

डॉइगकाकू मात्र कुंपणावरून टक लावून बघत राहिल्या. "हे कापड मी कुठेतरी बघितलंय."

"कुठे?"

"ते आठवलं असतं तर मी म्हातारी कसली?"

ठरल्या शनिवारी पहाटे मार्सली फार्करकाकांच्या फाटकाशी उभी राहिली. आत मेंढी, बाहेर ट्वीड, मध्ये भूगोलाच्या बाईंचा कांदा. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण शोभतोय. फार्करकाका गाडीची काच पुसत होते. त्यांनी वर बघितलं आणि पुसणारा हात थांबला.

कौतुकानं गप्प झालेत, मार्सलीला वाटलं.

"हे कुठून आणलंस?"

"मांजरांच्या दुकानातून."

फार्करकाका गाडीला एक चक्कर मारून आले. रागावलेला माणूस बोलतो. फार रागावलेला फार्कर मॅकव्हिकर चक्कर मारतो.

"पोरी, प्रत्येक इस्टेटीचं ट्वीड वेगळं असतं. आपापल्या डोंगराच्या रंगावर विणून घेतलेलं. ते फक्त तिथल्या माणसांना मिळतं, दुसऱ्यानं घालायचं नसतं. माझं हे बघ, करडं. ग्लेनड्रोखच्या खडकाचं." त्यांनी बोट तिच्या छातीवर रोखलं. "आणि हे स्ट्राथबुईचं आहे. यूअनचं."

यूअन कोण हे मार्सलीला सांगावं लागलं नाही. डोंगराच्या पलीकडची स्ट्राथबुई इस्टेट आणि तिथला मुख्य शिकारी यूअन ग्रेग. हद्दीच्या कड्यावर मारलेलं एक हरीण कोणत्या बाजूला पडलं यावरून दोघांत बिनसलं होतं, तेव्हा मार्सली पहिलीत होती. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. कुणाच्या मयताला गेले तरी चर्चच्या दोन टोकांना बसायचे.

"उलटा करून घालते," ती घाईघाईनं म्हणाली आणि कोट उलटा केला.

आतलं अस्तर जांभळ्या साटिनचं होतं. पहाटेच्या उजेडातसुद्धा ते असं झळकलं की कुंपणावरचा कावळा उडाला.

"सुलटा कर," फार्करकाका म्हणाले. "आणि मान खाली ठेव."

डोंगर चढताना मार्सलीला कळलं की गरम कपड्यांबद्दल गावातल्या एकाही शहाण्यानं मुख्य गोष्ट सांगितलेली नव्हती. चढताना माणूस उकडून निघतो आणि मग बर्फात पालथा पडला की तोच घाम गोठतो. मेंढी भिजली. मेंढीचा वास दुप्पट झाला. भूगोलाच्या बाईंचा कांदा सोलून पाठीवरच्या पिशवीत कोंबला. पण ती मागे पडली नाही. थांबूया म्हणाली नाही. फार्करकाकांनी एकदा मागे वळून बघितलं, बोलले काहीच नाहीत. त्यांच्या भाषेत ही शाबासकी होती, आणि ती तिला समजली याचा मार्सलीला कोण आनंद झाला.

मग ते आडवे झाले. ओल्या काळ्या मातीतून, बर्फाच्या ठिगळांमधून, कोपर पुढे, गुडघा पुढे. कड्याखालच्या खोलगटात हरिणी चरत होत्या. वारा तोंडावर येत होता. कोटाचा आवाज नाही, श्वासाचा आवाज नाही. सगळं महिनाभराचं दळण या एका शांततेसाठी होतं. फार्करकाकांनी बंदूक हळूच पुढे घेतली.

"एऽऽय!"

आवाज वरून, कड्यावरून आला. हरिणींच्या माना एकदम वर झाल्या आणि पुढच्या क्षणी तिथे नुसतं गवत उरलं.

कड्यावरून यूअन ग्रेग हात हलवत, घसरत, ओरडत खाली येत होता. अंगावर शेवाळी ट्वीड, तांबूस रेघ. "दुर्बिणीतून बघितलं मी! माझा माणूस! माझ्या कापडात! याच्या बाजूला पालथा!" जवळ आला आणि थबकला. "ही तर पोरगी आहे!"

"पोरगी नाही, मार्सली आहे," मार्सली म्हणाली.

यूअनची नजर डाव्या बाहीवरच्या ठिगळावर गेली. त्याचा चेहरा बदलला. "हा... हा माझा कोट आहे! हे भोक माझ्या पाइपनं पडलंय! बायको म्हणाली उंदरांनी खाल्ला!"

"तुझ्या बायकोनं मांजरांना दिला," फार्करकाका आभाळाकडे बघत म्हणाले. इतक्या वर्षांनी यूअनशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य होतं.

"तुझ्या माणसानं माझा कोट घालायचाच कसा? काढ तो!"

"बर्फात काढेल ती? आणि तू माझी हरणं उधळलीस त्याचं काय?"

"तुझी? हद्दीच्या कोणत्या बाजूला होती ती?"

"आता तू मला हद्द शिकवणार?"

आणि मार्सलीचं डोकं सटकलं. म्हणजे महिनाभर शिजत होतं तेच उतू गेलं. पण डोंगरावर आवाज करायचा नाही हे तिच्या हाडात इतकं मुरलं होतं, की जे बोलली ते सगळं कुजबुजत बोलली.

"गप्प बसा दोघं! आवाज नको म्हणून मी गवतावर सरपटले, कुत्र्यानं माझी परीक्षा घेतली, माझ्या अंगावर आत्ता एक अख्खी मेंढी आहे! आणि आज या डोंगरावर आवाज केला कुणी? कोटानं? मी? तुम्ही दोघांनी केला! लाज नाही वाटत? सगळ्यात गरम आणि सगळ्यात वाजणारी वस्तू इथे तुमची डोकी आहेत!"

ओरडणाऱ्या माणसाला ओरडून उत्तर देता येतं. कुजबुजत रागावणाऱ्याचं ऐकायला मात्र श्वास रोखावा लागतो. दोघं शिकारी श्वास रोखून उभे राहिले. तेवढ्या शांततेत खालच्या घळीत एक दगड घरंगळला.

"खाली!" मार्सली म्हणाली, आणि दोघं जन्माच्या सवयीनं धाडकन पालथे पडले.

वर हिमाची सर आली होती आणि हरिणी आडोशाला फिरून खाली उतरत होत्या. आधी कान, मग माना. फार्करकाकांनी बंदूक लावली. यूअननं न सांगता वाऱ्याकडे बोट केलं, फार्करकाकांनी न बोलता मान हलवली. एकच बार झाला.

हरीण ग्लेनड्रोखच्या बाजूला पडलं, चांगलं आत. ते तट्टूच्या वाटेपर्यंत ओढायला तिघं लागले. वाटेत मार्सलीनं मागे दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकलं.

"कसं काय?"

"गुडघा."

"माझाही."

मग दोघांनी हरणाला एकदमच हिसका दिला.

खाली आल्यावर फार्करकाका म्हणाले, "पुढच्या शनिवारी ये."

मार्सलीला नाचायचं होतं, पण आत मेंढी होती.

"पण या कापडात माझ्या डोंगरावर नाही."

"कोट मला आता बसत नाही," यूअन जमिनीकडे बघत म्हणाला. हे म्हणताना त्याला किती कष्ट पडले ते दिसत होतं. "तिलाच राहू दे."

फार्करकाकांनी विचार केला. मग खाली वाकून ओल्या काळ्या मातीची मूठ भरली आणि कोटाच्या उजव्या बाहीवर फासली. यूअन बघत राहिला. मग त्यानंही मूठ भरली आणि डावी बाही घेतली. कोट दोन्ही बाजूंनी काळा होईपर्यंत दोघं थांबले नाहीत.

"आता हा कुणाचाच नाही," फार्करकाका म्हणाले. "चालेल."

इतका सुंदर शेवट कुणाच्या गोष्टीला आला असेल! पण मार्सलीला घर होतं, आणि घरात आई होती.

आईनं जे केलं ते कौतुकापोटीच केलं. मुलीला काम मिळालं, मुलीचा कोट मळला, तो मंगळवारी मशीनमध्ये टाकला, सगळ्यात गरम पाण्यात. बुधवारी तो कोट ड्यूकला बसला. अगदी बेतून शिवल्यासारखा, जांभळ्या अस्तरासकट. डॉइगकाकूंना तेव्हा आठवलं. "अगं, हे तर स्ट्राथबुईचं ट्वीड!"

शनिवार उजाडला. मार्सलीकडे घालायला एकच गोष्ट उरली होती. ती मान खाली घालून, खर्रखर्र वाजत, नारिंगी जॅकेटमध्ये फार्करकाकांच्या फाटकापर्यंत गेली. डोळ्यांत पाणी होतं आणि ते थंडीचं नव्हतं. "माझ्याकडे दुसरं काही नाही," ती म्हणाली. "काम जाईल का?"

"का जाईल?" फार्करकाकांनी तट्टूचा लगाम तिच्या हातात दिला. "तट्टूवाल्यानं खाली दरीत थांबायचं असतं. बार ऐकू आल्यावर वर यायचं. तोवर हरीण मेलेलं असतं, त्याला कसला आवाज? उलट हे बरं. दुर्बिणीतून लगेच दिसशील."

मार्सली जागच्या जागी उभी राहिली. तट्टूनं तिच्या बाहीला नाक लावलं, खर्रर्र झालं, आणि तट्टूला ते आवडलंसुद्धा.

"म्हणजे... काहीही चाललं असतं? मग तुम्ही मला गरम, आवाज नको, चमक नको, हे सगळं सांगितलंत कशाला?"

फार्करकाका वाटेला लागले होते. मागे न बघता म्हणाले, "तू विचारलंस म्हणून."